तब्रीझचं काय मग?
गालिच्यांवरच्या लेखात म्हटलंय की पर्शियन गालिचा म्हणजे पर्शियन गाठ (लोकर एका उभ्या धाग्याला पूर्ण गुंडाळायची, शेजारच्याच्या नुसती मागून काढायची), हे काही पटलं नाही बुवा. तब्रीझ इराणातलंच ना, तिथले विणकर सर्रास तुर्की गाठ (दोन्ही उभ्या धाग्यांना सारखीच गुंडाळलेली) मारतात, हातात आकड्याची सुरी, आकड्याने लोकर ओढायची नि त्याच सुरीने कापायची, हात कसला भराभर चालतो. आणि पर्शियन गाठीला ज्या गावावरून सेन्ने म्हणतात त्या सेन्नेतही (आजचं सनंदज) तुर्कीच गाठ, आता बोला!

शारजात होतो तेव्हा एका इराणी दुकानदाराने गालिचा उलटा करून गाठी दाखवलेल्या. लाल पट्ट्यात मध्येच रंग फिका, मला वाटलं डिफेक्ट, तर तो म्हणे अब्राश, लोकर रंगवायचा घाणा बदलला की येतो.