रातांबे फुकट, मग अडतंय कुठे?

भावकीच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आला: "कोकणात जमीन घरची, रातांबे-काजू फुकट, कर्ज बिनतारण, सबसिडी सरकारची. तरी पोरं मुंबईत बारा हजारांवर राबतात. कारण एकच, आळस!" खाली धडाधड अंगठे. गुहागर तालुक्यात चार वर्षं मी रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं, आगळ (खारवलेला रस) आणि आमसुलं (सुकवलेली साल) करतेय, म्हणून लिहिते.

जमीन घरची, खरंय. पण घर किती जणांचं? आमच्या सातबाऱ्यावर 19 नावं, त्यातली चार वारलेली, वारसनोंदी व्हायच्यात. शेडच्या कर्जासाठी बँकेने सगळ्या हिस्सेदारांची संमती मागितली. कुणी बोरिवलीला, कुणी बडोद्याला. आत्या म्हणाली, "सही करते गो, पण माझा हिस्सा जाणार नाही ना?" तिचंही चूक नाही. मेसेज टाकणारे काकाही त्या 19 जणांत आहेत. त्यांची सही अजून यायचीय. शेवटी एका बंद घराची पडवी भाड्याने घेतली.

रातांबे झाडावर असतात तोवर फुकट. चढणारा गडी शोधा, मग फोडणाऱ्या बायका. साल मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत बुडवायची. अशी चार-पाच पुटं बसली की आमसूल काळं, मऊ होतं. मेअखेर वळवाची सर आली आणि अंगणातल्या चटया ओढायला दहा मिनिटं उशीर झाला, की बुरशी. ड्रायर आहे, पण ढग गडगडले की आधी वीज जाते. मजुरी दोन महिन्यांत रोख द्यायची, बाटल्या मात्र वर्षभर विकायच्या, त्याही मुंबईच्या दुकानांत उधारीवर. माझा धंदा बसायची वेळ आली ती इथे. गिऱ्हाइकं होती, हातात पैसा नव्हता.

सबसिडीचं म्हणाल, तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात गावातल्या बाईला प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के मिळते. पण हातात नाही. आधी कर्ज मंजूर व्हावं लागतं, मग ती रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकते आणि त्यानंतर कर्जात वळती होते. मुद्रा कर्ज बिनतारण असतं, बिनचौकशीचं नसतं. मला साहेबांनी पहिलंच विचारलं, "जागा कुणाच्या नावावर?"

राहिला आळस. मेमध्ये आमच्या पडवीत पहाटे पाचला रातांबे फोडायला बसतात. काकाही मेमध्येच गावी येतात. नऊला उठून चहा मागतात.