उणे सहा तासांचा प्रवास

मे महिन्यातली गोष्ट, भाचा टोकियोहून लॉस एंजेलिसला निघालेला आणि आईने सहज विचारलं, "किती लांब रे ते, नि किती तास लागतात?" मी म्हटलं थांब, दोन मिनिटांत सांगतो. तिथेच फसलो.

आधी भिंतीवरचा नकाशा. टोकियो पार उजव्या टोकाला, लॉस एंजेलिस पार डावीकडे, म्हणून मी आपली पट्टी आशिया, युरोप, अटलांटिक आणि वर अख्खी अमेरिका ओलांडून नेली आणि जो आकडा आला तो ऐकून आई म्हणाली, "अगं बाई, पोराचे पाय सुजतील!" मग लक्षात आलं की नकाशावाल्याने पॅसिफिक मधोमध कापून अर्धा या कडेला नि अर्धा त्या कडेला टाकलाय आणि भाचा नेमका त्या कापलेल्या भागातून जाणार आहे.

मग माळ्यावरचा पृथ्वीगोल काढला. स्टँड मोडलेला, त्यामुळे पृथ्वी आईच्या मांडीत आणि मी दोरा घेऊन वाकलेला. दोन्ही शहरं साधारण ३५ अक्षांशाच्या आसपास, म्हणून दोरा त्या रेघेवरून आडवा ठेवला, पण ताणला की तो घसरून वर सरकायचा, अलास्काच्या त्या शेपटीसारख्या बेटांच्या दिशेने. तीनदा खाली ओढला, तीनदा वर गेला. "अरे त्याला तिकडून जायचंय तर जाऊ दे की," आई म्हणाली. आणि बरोबरच होतं तिचं, गोलावर ताणलेला दोरा म्हणजेच सगळ्यात जवळचा रस्ता, अक्षांश धरून गेलं तर जवळजवळ पाचशे किलोमीटर जास्त पडतात. दोरा भरला साडेवीस सेंटिमीटर, विषुववृत्त ९४, पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, त्रैराशिक मांडलं तर ८,७२३! कॉलर ताठ.

तरी खात्री म्हणून नेटवर बघितलं. एकीकडे ८,७७०, दुसरीकडे ५,४५०, तिसरीकडे ४,७४०. आई खूश, "जवळ येतंय बघ." किलोमीटर, मैल आणि सागरी मैल हे तिला समजावण्यात चहा गार झाला (माझा, तिने तिचा कधीच संपवला होता).

आता वेळ. ताशी ९०० धरले तर पावणेदहा तास, धावपट्टीपर्यंतचं रांगणं धरून दहा. पण आईला तिकिटावरचंच हवं होतं. निघणार संध्याकाळी ५, पोचणार सकाळी ११, तारीख तीच. वजाबाकी केली, उणे सहा तास. परतीचं तिकीट बघितलं, दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी ४ ला, म्हणजे २८ तास. जाताना उणे सहा नि येताना अठ्ठावीस, हे कुठलं गणित! मग घड्याळांमधला १६ तासांचा फरक एकीकडे मिळवला, दुसरीकडे वजा केला, तेव्हा कुठे १० आणि १२ आले. ते वरचे दोन तास वाऱ्याचे, तिथे उंचावर वारा पश्चिमेकडून वाहतो, जाताना ढकलतो, येताना अडवतो. आईने मान डोलावली. पटलं असं मला वाटलं.

ठरल्या दिवशी त्याचा मेसेज आला, "मामा, पोचलो. इथे सकाळचे ११ वाजलेत, आजीला सांग."

सांगितलं. आई बराच वेळ गप्प, मग हळूच म्हणाली, "पोचला ते बरं झालं रे, पण ५ वाजायला अजून सहा तास आहेत ना, त्याला म्हणावं निघायला उशीर करू नकोस."