काकांच्या स्पीडमास्टरला बफ का मारला नाही: एका ताऱ्याच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय वाचला. इतर वाचकांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. बोटीवर असलेल्या काकांनी 1971 साली घेतलेलं ओमेगा स्पीडमास्टर तुम्ही आमच्याकडे सर्व्हिसिंगला दिलं. दोन महिने लागले, बिल जास्त वाटलं, आणि घड्याळ परत मिळालं ते ‘होतं तसंच जुनाट’. केसवर ओरखडे, काच जुनीच, डायलवरच्या खुणा पिवळ्या, अंधारात रेडियम चमकत नाही. वर पोहताना घालू नका अशी ताकीद, आणि काउंटरवरचा माणूस उर्मट.

तो माणूस मीच. ‘बफ मारून (म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकचकीत करून) हवं असेल तर दुसरीकडे न्या’ हे मी म्हणालो होतो आणि आजही म्हणेन.

या केसच्या कडेने एकदा बोट फिरवून बघा. पट्टा अडकतो ते चारही लग पिळदार आहेत. त्यांचा रेघारेघांचा भाग आणि आरशासारखा भाग जिथे भेटतात, तिथे अजून धार लागते. कारखान्यातून निघाली तीच ही धार. बफच्या चाकावर पाच मिनिटं धरलं की ती जाते, लग साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत होतात आणि गेलेलं पोलाद परत येत नाही. पन्नास वर्षांत या घड्याळाला कोणी बफ लावलेला नाही. जुनी घड्याळं जमवणारे लोक तेच शोधत असतात.

बेझल, म्हणजे काचेभोवतीची आकड्यांची कडी, नवी टाकायला तुम्ही सांगत होतात. तिच्यावरच्या 90 च्या आकड्याजवळचा ठिपका भिंगातून पाहा. तो आकड्याच्या वरच्या अंगाला आहे. साधारण 1970 नंतरच्या बेझलवर तो आकड्याच्या शेजारी, खाली आला. तुमच्या केसच्या झाकणाआड 145.022-69 असा मॉडेलचा शिक्का आहे, शेवटचे 69 म्हणजे 1969, म्हणजे बेझल आणि घड्याळ एकाच काळातले. वरच्या ठिपक्याची नुसती बेझल मिळवायला लोक चिकार पैसे मोजतात. ती काढून नवी बसवायची कल्पनाच मला सहन झाली नाही, म्हणून आवाज चढला असेल.

आता रेडियम. डायलच्या तळाशी, इंग्रजीत ‘स्विस मेड’ लिहिलंय त्याच्या दोन्ही बाजूंना टी हे अक्षर आहे. ती ट्रिटियमची खूण, म्हणजे रेडियमऐवजी खुणांना चमक देणाऱ्या किरणोत्सर्गी द्रव्याची. ट्रिटियम दर 12.3 वर्षांनी निम्मं होतं. 1971 च्या घड्याळात आज त्यातलं जेमतेम पाच टक्के उरलंय, ते काय चमकणार? खुणा पिवळ्या पडल्या त्या वयामुळे, आणि काटेही त्याच रंगाचे झालेत. दोन्ही एकत्रच म्हातारे झाले याचा तो पुरावा. नवा रंग भरून देणारे, अख्खी डायल नव्याने छापून देणारे मुंबईत पुष्कळ आहेत. परदेशातले संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाक मुरडतात.

काचेबद्दल मात्र तक्रार पटत नाही. ती हेसलाइटची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची आहे, तिच्यावरचे ओरखडे आम्ही पेस्टने घासून काढलेत. मधोमध ओमेगाची बारीकशी खूण आहे, भिंग लावलं तर दिसेल. काच मूळची आहे, म्हणून बदलली नाही.

बिल लेखी अंदाजाच्याच आकड्याचं आहे, अंदाजावर तुमची सही आहे. वेळ गेला तो स्टॉपवॉचच्या काट्यामुळे. बटण दाबलं की तो शून्याच्या अलीकडेच थांबायचा. सुटा भाग बाहेरून मागवावा लागला, आणि मशीन जोडल्यावर वेगवेगळ्या बाजूंवर ठेवून तपासल्याशिवाय आम्ही घड्याळ देत नाही.

‘चंद्रावर गेलेलं घड्याळ स्विमिंग पूलला घाबरतं का?’ असं तुम्ही लिहिलंत. प्रश्न चांगला आहे. नासाने 1965 साली स्पीडमास्टर मंजूर केलं ते अंतराळवीरांसाठी, पाण्यात बुड्या मारणाऱ्यांसाठी नव्हे. दोन्ही बटणांच्या आत रबरी वायसर असतात. ते नवे घातलेत, पण एवढ्या जुन्या केसवर मी पाण्याची हमी देणार नाही. आणि चंद्रावर 1969 च्या जुलैत अंतराळवीर बझ ऑल्ड्रिनच्या हातावर होतं त्यात 321 हे मशीन होतं. तुमच्यात 861 आहे, 1968 पासून आलेलं. तेही दणकट मशीन आहे, पण विकताना कोणाला ‘हेच चंद्रावरचं’ असं सांगू नका.

‘शंभर टक्के ओरिजिनल’ असं सर्टिफिकेट दिलं नाही, हीही तक्रार आहे. 2021 मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक जुनं स्पीडमास्टर 31 लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. 2023 मध्ये खुद्द ओमेगाने सांगितलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेलं होतं. तिथे भलेभले फसले, मग मी कुठल्या तोंडाने शंभर टक्के लिहू? मशीन उघडल्यावर जे दिसलं ते फोटोंसह बिलाला जोडलंय. त्यातल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी माझी.

एवढं वाचूनही बफ हवाच असेल, तर घड्याळ तुमचं आहे. फक्त आधी काकांच्या घरच्यांना विचारा. डब्यात एक छोटी पुडी आहे, तिच्यात काढलेली जुनी मेन स्प्रिंग आणि बदललेला सुटा भाग ठेवलाय. कचरा समजून फेकू नका, पुढे कधी विकायचं झालं तर गिऱ्हाईक तीच आधी मागेल.