बुबुळ उभं का झालं?

नव्या गेमचा ट्रेलर आला की आमच्या ग्रुपवर काही वेळ एकदम सामसूम होते. सगळे भारावलेत असं समजू नका, मंडळी पुरावे गोळा करत असतात. मग पहिला स्क्रीनशॉट पडतो, त्यावर लाल गोल, आणि खाली एकच वाक्य : ‘हे लोरमध्ये बसत नाही.’ (लोर म्हणजे गेममधल्या जगाचा आजवरचा इतिहास आणि नियम.) तिथून पुढे कुणाचं काही खरं नसतं.

मी राक्षस मारायला मिळतात म्हणून गेम खेळणारा साधा माणूस. राक्षस दिसला, मारला, त्याच्या खिशातलं काढून घेतलं, पुढे निघालो. (राक्षसाला खिसा कुठून, हे मी कधी विचारलेलं नाही. आपल्या फायद्याच्या गोष्टीत फार खोलात शिरू नये.) कटसीन, म्हणजे खेळ थांबवून गोष्ट सांगणारा सिनेमाचा तुकडा, सुरू झाला की बटण दाबून पळवणाऱ्यांपैकी मी आहे, हे ग्रुपवर फुटलं तर मला वाळीत टाकतील.

डिसेंबर २०२४ मध्ये ‘द विचर ४’ या पोलिश पुस्तकांवर बेतलेल्या गेमचा पहिला ट्रेलर आला. विचर म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारे योद्धे. आधीच्या भागांचा नायक गेराल्ट, आणि सिरी ही त्याने लेकीसारखी मानलेली मुलगी. गावकऱ्यांनी एका मुलीला राक्षसाच्या तोंडी द्यायचं ठरवलंय, सिरी तिच्या मदतीला जाते, लढाईच्या ऐन रंगात एक बाटली तोंडाला लावते आणि तिचे डोळे बदलतात. माझ्या अंगावर काटा आला. मी लिहिलं, ‘जबरदस्त!’ लगेच शास्त्रीबुवांचा मेसेज : ‘बाटली बघितलीस का?’ शास्त्रीबुवा हे त्याचं ग्रुपवरचं नाव. वयाने तो माझ्याहून बराच लहान आहे, पण पुस्तकं पाठ असल्यामुळे त्याच्यापुढे बोलायची कुणाची टाप नाही.

तर घोडं त्या बाटलीपाशी पेंड खात होतं. विचरांचा काढा साध्या माणसासाठी जहर. तो पचवायचा तर आधी वनस्पतींची ती भयंकर परीक्षा पार करावी लागते, आणि तिच्यात उतरलेली बहुतेक पोरं मरतात. पुस्तकांतल्या सिरीने ती परीक्षा दिलेलीच नाही. २०१५ च्या तिसऱ्या भागात काही वेळ ती आपल्या हातात येते, तेव्हाही काढाबिढा काही नाही. इथून गायब होते, तिथे उगवते, की राक्षस गार. मग आता ही पिते कशी? आणि उगवत का नाही?

रात्री स्क्रीन शेअर करून सुनावणी झाली. ट्रेलर पाव गतीने लावला. पाव गतीने लावलेला कुठलाही आवाज पोटदुखीचा वाटतो, त्यामुळे तो बंद केला. बाटली ओठांना लागते तिथे थांबवलं. ब्राइटनेस वाढवला. एक फ्रेम पुढे. एक फ्रेम मागे. ‘हे बघ, इथे बुबुळ गोल आहे. आणि इथे उभं झालं. मांजरासारखं.’ आम्ही सगळे एका बाईच्या बुबुळात डोकं खुपसून बसलो होतो. मी हळूच विचारलं, ‘मागे तो राक्षस उभा आहे, तो जरा बघूया का?’ ‘राक्षसाचं नंतर,’ शास्त्रीबुवा म्हणाला.

बुबुळावरून गाडी लॉकेटवर. (विचर ज्या शाळेत तयार होतो, तिचा प्राणी लॉकेट म्हणून गळ्यात घालतो.) मार्च २०२२ मध्ये गेम बनवणाऱ्या कंपनीने फक्त बर्फात रुतलेल्या एका लॉकेटचं चित्र टाकलं होतं. तेव्हा हे मांजर की लिंक्स नावाचं रानमांजर, यावर आमच्याकडे दोन तट पडले. कंपनीनेच लिंक्स असं सांगितलं, तर नवं भांडण : लिंक्सची शाळा ना पुस्तकांत, ना आधीच्या तीन गेममध्ये, मग ही काढली कुणी? गंमत म्हणजे मूळ पोलिश कथांचे लेखक आंद्रेय सापकोव्स्की यांनी २०२५ मध्ये सांगून टाकलं की गेराल्टच्या लांडग्याच्या शाळेचा उल्लेख त्यांच्या पुस्तकात जेमतेम एका वाक्यात आला आणि पुढे तो त्यांनाच पटेनासा झाला. शाळांचा सगळा पसारा गेमवाल्यांचा. ही बातमी मी मोठ्या आशेने ग्रुपवर टाकली. शास्त्रीबुवाचं उत्तर : ‘लेखकाचं मत आहे ते.’

आणि याच मंडळींना गेराल्टच्या घोडीचं काही वाटत नाही! एक घोडी गेली की तो दुसरी घेतो आणि तिचंही नाव रोचच ठेवतो. त्याला म्हणे खुद्द पुस्तकाचा आधार आहे.

ग्रुपवरचा सगळ्यात दुखावलेला माणूस मात्र वेगळाच होता. तिसऱ्या भागाचे शेवट तीन. आपण जसं वागू त्याप्रमाणे सिरी विचर होते, सम्राज्ञी होते, नाहीतर परतच येत नाही. याने तिला सम्राज्ञी केलं होतं. ‘मी तिला गादीवर बसवली,’ तो बापाच्या आवाजात म्हणाला, ‘आणि ही चिखलात काय करतेय?’ तेव्हा मला उलगडा झाला. बाहेरून सगळे पोथीची बाजू घेऊन भांडतात, पण जीव अडकलेला असतो स्वतःच्या सेव्ह फाइलमध्ये, खेळून साठवलेल्या डावात. पोथी पुन्हा लिहिता येते, पण रात्री जागून केलेली सम्राज्ञी परत कोण देणार?

निन्टेन्डो कंपनीच्या ‘झेल्डा’ गेममालिकेच्या चाहत्यांवर तर याहून वाईट वेळ आली होती. २०११ मध्ये निन्टेन्डोचा अधिकृत कालक्रम छापून आला, त्यात ‘ऑकरिना ऑफ टाइम’ या भागानंतर इतिहासाला तीन फाटे. त्यातला एक फाटा नायक हरतो तिथून फुटतो. म्हणजे ज्यांनी जिवाचं रान करून शेवटचा राक्षस पाडला, त्यांना कळलं की हरलेल्यांचाही वंश चालू आहे. मला मात्र फार बरं वाटलं. त्या फाट्याला माझा हातभार मोठा.

शिवाय ट्रेलर हा पुरावा धरायचाच का? ‘मेटल गिअर सॉलिड २’ या गेमच्या ट्रेलरांत जिकडेतिकडे आधीचा नायक स्नेक. २००१ मध्ये गेम हातात आला तर बराचसा खेळ रायडन नावाच्या भलत्याच पोराला घेऊन खेळायचा! हे मी मांडलं, पण बुबुळाच्या चौकशीपुढे कुणी लक्ष दिलं नाही.

शेवटी वैतागून मी एक पुडी सोडली : ‘अरे, हा सगळा ट्रेलर म्हणजे गेराल्टचा दोस्त डँडेलियन याने सांगितलेली गोष्ट आहे. तो कवी, तिखटमीठ लावणारच.’ वाटलं, हसतील आणि झोपतील. पण पुन्हा सामसूम झाली. मग शास्त्रीबुवाने लिहिलं, ‘तिसऱ्या भागातल्या पात्रांच्या नोंदी डँडेलियननेच लिहिल्या आहेत.’ सम्राज्ञीचा बाप तर उठून बसला, कारण ट्रेलर खोटा ठरला की त्याची गादी शाबूत. पहाटेपर्यंत पुडीचा सिद्धांत झाला, त्याला माझं नाव लागलं, आणि विरोधी गटाने माझ्या नावे प्रश्नावली पाठवली. पहिलाच प्रश्न : डँडेलियन त्या गावात हजर नव्हता, तर त्याला बुबुळ दिसलं कुठून?

उत्तरासाठी मला पुस्तकं वाचावी लागणार आहेत. सगळी. क्रमाने. कुठल्या क्रमाने, यावर सध्या मतदान चालू आहे.