मी बघत नाही, समोर चालू असते

सगळ्यात आधी एक वाक्य पाठ करा: "मी काही बघत नाही हो, समोर चालू असते."

पुण्यात मालिकांवर बोलायचा परवाना या एका वाक्याने मिळतो. रोज साडेसातला हातातलं काम टाकून बघतो, असं ज्याने कबूल केलं त्याच्या मताला कोथरूडपासून कात्रजपर्यंत कवडीची किंमत नाही. तुमचं तसं नाही. तुम्ही मटार सोलत असता, टीव्ही आपला समोर चालू असतो आणि कान काही बंद करता येत नाहीत. त्यामुळे नायकाच्या आत्तेच्या दिराने दोन वर्षांपूर्वी कुठल्या रंगाच्या फायलीवर सह्या करून घेतल्या, हेही तुम्हाला आठवतं. मटारचा हंगाम संपला की लसूण घ्या. लसूण बारमाही असतो, मालिकांसारखाच.

परवान्यानंतर पात्रता. "कॉलेजात असताना मी पुरुषोत्तमला होते," असं म्हणा, म्हणजे पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, आणि तिथेच थांबा. काय करत होतात ते कोणी विचारत नाही. भरत नाट्य मंदिरात विंगेत उभं राहून तुम्ही फक्त पडद्याची दोरी ओढली असेल, पण दोरी ओढणाऱ्यालाही 'पात्राचा ग्राफ' म्हणजे काय ते कळतं आणि तो शब्द जन्मभर पुरतो. शिवाय पुण्याला कमी मार्क देण्याची परंपरा आहे. १९६३ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी अंतिम फेरी बघून करंडक कुणालाच दिला नाही. पोरांनी रात्ररात्र जागून बसवलेल्या एकांकिकांची ही गत, तर घोडबंदर रोडच्या सेटवर रोजच्या रोज बावीस मिनिटांचा रतीब घालणाऱ्यांनी तुमच्याकडून कसली आशा धरायची?

आता कास्टिंग. इथे नियम सोपा आहे: आधीची बरी होती. कलाकार बदलला की पहिला संवाद पुरा व्हायच्या आत हे म्हणून टाका. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली शनाया आधी रसिका सुनील होती, मग ईशा केसकर आली, मग पुन्हा रसिका सुनील. कच्चा प्रेक्षक अशा वेळी गडबडतो, कारण आधीचीच परत आल्यावर आता काय म्हणणार? मुरलेला प्रेक्षक सुस्कारा सोडतो आणि म्हणतो, "आता तीही आधीसारखी राहिली नाही." वयाचाही मुद्दा असतो. आई मुलापेक्षा जेमतेम आठ वर्षांनी मोठी दिसते, हे बोटांवर मोजून दाखवा. आपल्या पणजोबांनी बालगंधर्वांना नायिका म्हणून डोक्यावर घेतलं होतं आणि पणजीने त्यांच्यासारखं नेसायची हौस केली होती, हे मात्र अशा वेळी आठवायचं नाही.

एक तक्रार मात्र मनापासून खरी होती, तिचा वापर जपून करा. 'रंग माझा वेगळा' सावळ्या मुलीची गोष्ट सांगणार होती आणि तिच्यासाठी उजळ वर्णाच्या अभिनेत्रीला मेकअपने सावळं केलं. "गोऱ्या मुलीला काळं फासण्यापेक्षा एक सावळी मुलगी मिळत नव्हती का यांना?" हा प्रश्न सोसायटीच्या बाकावर खणखणीत आवाजात विचारा. मिळत होती, नक्कीच मिळत होती. चार माना डोलल्या की वर घरी जा, भाच्यासाठी आलेली स्थळं चाळायला घ्या आणि बहिणीला फोनवर सांगा, "मुलगी हुशार आहे गं, पण फोटोतच अशी दिसते, तर प्रत्यक्षात..." वाक्य अर्धवट सोडा. मालिकावाल्यांना हे कधी जमलं नाही, ते सगळं बोलून दाखवतात.

प्रेमकथेकडे वळण्याआधी कागद-पेन घ्या, कारण इथे हिशोब फार. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचं बाळंतपण किती महिने चाललं, याचा हिशोब लोकांनी इतका चोख ठेवला होता की तेवढा घरच्या सुनेच्या तारखेचाही ठेवला नसेल. 'तुला पाहते रे'मध्ये विक्रांत सरंजामे आणि ईशा निमकर यांच्यात वीस वर्षांचं अंतर होतं. ते शोभत नाही म्हणून महिनोन्महिने बोलून झालं आणि मग ईशा ही त्याच्या पहिल्या बायकोचा, राजनंदिनीचा पुनर्जन्म निघाली. आमच्या बाकावर तेव्हा दोन तट पडले: पुनर्जन्माचं वय धरायचं की नाही? दिवंगत बायकोचं आयुष्य मिळवलं तर नायिकाच नवऱ्यापेक्षा थोरली निघत होती, आणि मग ज्यांना अंतर खुपत होतं त्यांना ते उलट्या बाजूने खुपायला लागलं. एक निवृत्त बँकवाले काका चक्रवाढ पद्धतीने काढू म्हणाले, त्यांना गप्प बसवलं.

केमिस्ट्री नाही, हे वाक्य कुठल्याही जोडीला चालतं. फक्त एक खबरदारी घ्या. 'तुझ्यात जीव रंगला'मधल्या राणादा आणि पाठकबाईंबद्दल तुम्ही असं बोलला असाल, तर मालिका संपल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये त्या दोघांनी खरोखरच लग्न केलं, तेही इथे, पुण्यातच. अशा वेळी न चाचरता म्हणायचं, "मी तर पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं."

बाकी प्रेमात काय असतं? पाय घसरतो, तो सावरतो, केस उडतात, तेच तीनदा वेगवेगळ्या कोनांतून दिसतं, तेवढ्यात कुणाची तरी काकू दारात येते. पुढे.

पात्रलेखनावर मात्र सावकाश बोला, कारण तुमचं खरं कसब तिथे दिसतं. नायिकेला कणा नाही, ही सर्वमान्य तक्रार आहे. 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. ती बंगाली 'श्रीमोयी'वरून घेतलेली, त्यामुळे बाकावरच्या अभ्यासू मंडळींनी मूळ बंगालीत पुढे काय होतं ते आधीच काढून ठेवलं होतं. अनिरुद्धचं बाहेर प्रकरण आहे हे अरुंधतीला कळल्यापासून आमची अख्खी सोसायटी एकमुखाने सांगत होती: सोड त्याला. इतकं एकमत सोसायटीत आजवर लिफ्टच्या दुरुस्तीवरही झालेलं नाही. "आम्ही असतो ना, त्याच दिवशी बॅग भरली असती," असं म्हणणाऱ्या काकू गेली एकतीस वर्षं नवऱ्याला विचारल्याशिवाय पडद्याचं कापडसुद्धा घेत नाहीत. पण मुद्दा अरुंधतीचा चालला होता, तो भरकटवू नका.

आता हे सगळं कशासाठी शिकायचं, ते सांगतो. घरात जे थेट बोलता येत नाही, ते पात्रलेखनाच्या नावाखाली बोलता येतं. एका घरातला प्रसंग सांगतो, कुणाच्या ते विचारू नका. सासूबाई सोफ्यावर, सून जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून. मालिकेतली सून ऑफिसातून येते आणि थेट खोलीत जाते.

"काय लिहितात बाई हे लोक," सासूबाई टीव्हीला म्हणाल्या. "आल्या आल्या म्हाताऱ्या माणसाला चहा हवाय का, एवढं विचारायलाही सुचू नये?"

लॅपटॉपवरची बोटं थांबली. "लेखकाचंच चुकतंय," सूनही टीव्हीलाच म्हणाली. "सासू दिवसभर घरी दाखवलीये, हातीपायी धड दाखवलीये, मग तिला गॅस पेटवता येत नाही हे पटत नाही."

"काही माणसांना मायेने विचारलेलं बरं वाटतं. चहाचं काय एवढं!"

"मग तसं संवादात यायला हवं ना, आई. प्रेक्षकाला कसं कळणार?"

ब्रेक झाला. धुण्याच्या पावडरची जाहिरात लागली. जाहिरातीला पात्रलेखन नसतं, त्यामुळे दोघी गप्प बसल्या. मग सून उठली, आधण ठेवलं आणि आतून विचारलं, "आलं घालू?" मुलगा मोबाइलमधून डोकं वर न काढता एवढंच म्हणाला, "आवाज जरा कमी करा ना."

अशा घराला मालिका बंद करा म्हणून सांगणं हा निव्वळ दुष्टपणा आहे.

रेटिंगची काळजी करू नका. दर गुरुवारी टीआरपी येतो, त्यात तुमच्या शिव्यांचा रकाना नसतो. ज्या घरात मीटर बसवलेला असतो तिथलं यंत्र आवाजात मिसळलेल्या खुणेवरून चॅनेल ओळखतं आणि घरातल्या माणसाने बघायला बसताना आपापलं बटण दाबायचं असतं. संतापाचं बटण वेगळं नाही. लसूण सोलण्याचंही नाही.

शेवटचा धडा प्रात्यक्षिकाचा. समजा, काल नायिकेने बॅग भरली, उंबऱ्यापर्यंत यायला दोन भाग लावले आणि सासऱ्यांच्या छातीत कळ येताच ती माघारी फिरली. तुम्ही चिडलात. चिडायलाच हवं. सकाळी बाकावर तुम्ही सांगितलंत की या लेखकाला बाई कळलेलीच नाही, आजच्या काळातली मुलगी अशी परत फिरत नाही, फिरूच नये. सगळ्यांना पटलं.

संध्याकाळी तुम्ही भाजी घेऊन लिफ्टपाशी येता, तर तिसऱ्या मजल्यावरच्यांची मुलगी उभी. लग्नाला दीड वर्ष झालं. दोन मोठ्या बॅगा, आणि काखेत टॉवेलात गुंडाळलेला मिक्सर. मिक्सर घेऊन कोणी चार दिवसांसाठी माहेरी येत नाही, हे तुमच्या लगेच लक्षात येतं, कारण तपशील टिपण्याची तुम्हाला सवय आहे.

दार धरून ठेवा. "अगं बाई, कधी आलीस? किती दिवस आहेस?"

ती म्हणेल, "बघू, काकू."

"जावईबापू येतील ना घ्यायला?" असं विचारा. ती मिक्सर या काखेतून त्या काखेत घेईल. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून, आवाज खाली आणून म्हणा, "थोडं जुळवून घ्यावं लागतं गं. सगळ्यांनाच."

आणि बटण जरा लवकर दाबा. साडेसात वाजत आलेत, आज तरी ती घर सोडते का ते बघायचंय.