‘फाइल ओढा, चित्र काढा’ म्हणे!

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एमएस्सी केमिस्ट्रीच्या पोरांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘कंटूर प्लॉटसाठी इनपुट तयार करत बसू नका. आउटपुट फाइल सॉफ्टवेअरमध्ये ओढा, सगळं डिफॉल्ट ठेवा, ग्रिड जमेल तेवढा बारीक करा. दोन मिनिटांत अचूक चित्र.’ कंटूर प्लॉट म्हणजे रेणूतली इलेक्ट्रॉन घनता किंवा ऑर्बिटल एका प्रतलात कापून समान किमतीच्या रेषांनी काढलेलं चित्र. दोन मिनिटांचं खरं आहे. अचूकतेचं बघू.

‘आउटपुट फाइल ओढा.’ कुठली? गाऊसियन या रेणूंचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लॉग फाइलमध्ये ऊर्जा असते, भूमिती असते. पण बेसिस सेट (ज्या तयार फलनांतून ऑर्बिटल रचतात तो संच) आणि ऑर्बिटलचे सगळे सहगुणक मुद्दाम छापायला सांगितल्याशिवाय येत नाहीत, आणि घनता काढायला लागतात नेमके तेच. म्हणून हे सगळं साठवणारी चेकपॉइंट फाइल जपायची, गाऊसियनच्याच फॉर्मचेक प्रोग्रॅमने तिची एफसीएचके (मजकूर स्वरूपातली फाइल) करायची आणि ती पुढे द्यायची. ओर्का हे दुसरं तसंच सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी त्याच्या जीबीडब्ल्यू फाइलवरून मोल्डेन फाइल काढावी. इनपुटात चेकपॉइंटचं नाव द्यायला विसरलात, तर रात्रभर चाललेलं गणित सकाळी पुन्हा लावा.

‘सगळं डिफॉल्ट ठेवा.’ खरी गंमत इथं आहे. मध्यंतरी खानापूरकडची एक विद्यार्थिनी फॉर्माल्डिहाइडच्या इलेक्ट्रॉन घनतेचा प्लॉट घेऊन आली. कागदावर एक लांबट गोल, त्याच्या पोटात आणखी गोल, बस्स. बटाट्याचा काप जणू. यात कार्बन कुठं, ऑक्सिजन कुठं, विचारलं तर म्हणाली, ‘सर, चित्र येऊलंय की!’ आलं होतं खरं. पण छेद होता एक्स-वाय प्रतलात, कारण सॉफ्टवेअरने तेच पुढं केलं. गाऊसियन आपल्या प्रमाण मांडणीत फॉर्माल्डिहाइड वाय-झेड प्रतलात ठेवतो: कार्बन-ऑक्सिजन बंध झेड अक्षावर आणि ओरिजिन त्या दोघांच्या मध्ये. म्हणजे पोरीने बंधच आडवा चिरला होता.

कार्बन, ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन, या तीन अणूंवरून प्रतल ठरवून दिलं तेव्हा कार्बन-ऑक्सिजन हजर झाले. (हायड्रोजनचं शेवटी सांगतो.) मग हुरूप येऊन तिने त्याच प्रतलात पाय ऑर्बिटल काढलं, तर कोरा कागद! तो मात्र बरोबर होता. रेणूचं प्रतल हेच पाय ऑर्बिटलचं नोडल प्रतल, तिथं किंमत शून्यच असणार. त्याला एक्स-झेड प्रतल हवं. एकाच रेणूला दोन चित्रांसाठी दोन छेद लागतात; तुम्हाला काय दाखवायचंय हे डिफॉल्टला कुठून कळणार?

कोणत्या किमतींना रेषा काढायच्या, त्या पातळ्यांचंही तेच. बेळगावजवळच्या राजहंसगडाची टेकडी टोपोशीटवर (उंचीच्या रेषांच्या नकाशावर) बघा: रेषा ठरावीक मीटरच्या समान अंतराने. टेकडीला ते शोभतं. इलेक्ट्रॉन घनता म्हणजे सुईसारखं शिखर आणि भोवती सपाट रान. अणू एककांत ती ऑक्सिजनच्या केंद्रकाशी शेकड्यांत असते आणि बंधाच्या मध्यावर 1 च्याही खाली. समान अंतराच्या वीस रेषा मारल्या तर सगळ्या केंद्रकाभोवती दाटी करतात, बंध ओसाड. म्हणून इलेक्ट्रॉन घनतेवरून रेणूतले अणू ओळखणारे रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड बेडर यांच्या पद्धतीत 0.001 पासून सुरुवात करून पुढे 0.002, 0.004, 0.008, 0.02, 0.04 अशा पातळ्या हाताने देतात. त्यातली 0.001 ची रेषा म्हणजे ढोबळमानाने रेणूची बाहेरची कड. ऑर्बिटल नुसतं नजरेखालून घालायचं असेल तर डिफॉल्टला माझी हरकत नाही. प्रोजेक्ट रिपोर्टात चिकटवायचं असेल तर आहे.

‘ग्रिड जमेल तेवढा बारीक करा.’ ग्रिड म्हणजे आधीच निघालेल्या तरंगफलनाची किंमत किती ठिकाणी वाचायची, एवढंच. बेसिस सेट तोकडा असेल तर बारीक ग्रिड तोच तोकडेपणा गुळगुळीत करून दाखवतो. आयोडीनला स्यूडोपोटेन्शिअल वापरलं असेल तर गाभ्याचे इलेक्ट्रॉन गणितातच नसतात. केंद्रकाशी पडलेला खड्डा कुठल्याच ग्रिडने बुजत नाही. वर खर्च बघा: त्रिमित ठोकळ्याच्या प्रत्येक बाजूला 80 बिंदू घेतले तर 5,12,000 किमती, 160 घेतले तर 40,96,000, म्हणजे आठपट. प्रतलावरच्या साध्या चित्राला 200 गुणिले 200, म्हणजे 40,000 बिंदू बहुतेकदा पुरतात. त्यासाठी अख्ख्या ठोकळ्याची क्यूब फाइल कशाला?

एककांबद्दल मेसेज चकार शब्द काढत नाही. भूमिती आपण अँगस्ट्रॉममध्ये लिहितो, आणि बरेच प्रोग्रॅम प्लॉटचे आकडे बोरमध्ये धरतात. 1 बोर म्हणजे 0.529 अँगस्ट्रॉम. प्रतल ओरिजिनमधून जाणारं असलं की ही चूक लपते, कारण प्रतल ठरवणारे तिन्ही बिंदू आत सरकले तरी प्रतल तेच राहतं. आक्रसते ती फक्त चौकट. आमच्या पोरीने कडा −3 ते 3 दिल्या अँगस्ट्रॉम समजून, प्रोग्रॅमने घेतल्या बोरमध्ये, म्हणजे जेमतेम 1.59 अँगस्ट्रॉम. तिच्या दुसऱ्या प्रिंटआउटवर दोन्ही हायड्रोजनभोवतीच्या रेषा कडेला तुटलेल्या होत्या, त्या यामुळे.