‘गंगापूरचे दरवाजे बंद आहेत, निवांत झोपा’: या मेसेजमध्ये काय चुकतंय

पावसाने दोन-तीन दिवस झोडपलं की नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे बदलतात, आशय हाच: ‘नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंच, पूर हा कोकणचा विषय. गंगापूरमधून पाणी सोडलं तरच गोदेला पूर येतो. दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागेपर्यंत घाबरायचं कारण नाही. आणि घर पूररेषेबाहेर असेल तर प्रश्नच मिटला.’ गंगापूर म्हणजे शहराच्या वरच्या अंगाला गोदावरीवर असलेलं धरण, आणि दुतोंड्या मारुती म्हणजे रामकुंडाजवळची मूर्ती, जिच्यावरून नाशिककर पुराची पातळी मोजतात. प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, म्हणून मेसेज पटतो.

‘पूर हा कोकणचा विषय’

समुद्रापासूनची उंची इथे कामाची नाही. तुमचा उंबरठा जवळच्या पात्रापासून किती वर आहे, ते बघायचं. 2021 च्या जुलैमध्ये चिपळूणला वाशिष्ठी नदीचं पाणी भरतीमुळे लवकर ओसरत नव्हतं. नाशिकला भरती नाही, पण अडवण्याचं तेच काम इथे गोदावरी करते. ती फुगली की तिला शहरात मिळणाऱ्या वाघाडी आणि नासर्डी या उपनद्यांच्या तोंडाशी पाणी तुंबतं आणि मागे वस्तीत शिरतं. खाली चांदोरी-सायखेडा या गावांपाशी तर गोदावरी आणि दारणा दोघींचं पाणी भिडतं, पुढे नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा.

‘गंगापूरमधून सोडलं तरच पूर’

सगळ्यात जास्त नुकसान हे वाक्य करतं. सराफ बाजार, दहीपूल, फुलबाजार या भागाखालून सरस्वती नाला वाहतो, तोही झाकलेला. तासा-दीड तासाच्या ढगफुटीसारख्या पावसात तो भरतो आणि पाणी चेंबरमधून उसळून दुकानांत येतं. त्या वेळी धरणाचे दरवाजे बंद असले काय नि उघडे असले काय, फरक शून्य. नदीही वर असेल तर मात्र नाल्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही.

दुसरं, धरणाच्या खालीही पाऊस पडतो. आळंदी नदी गंगापूरच्या खाली गोदावरीला मिळते, शिवाय शहरातलं गटारांचं पाणी आहेच. म्हणून विसर्गाच्या बातमीत दोन आकडे बघायचे: गंगापूरचा आणि शहरातल्या होळकर पुलाचा. पुलाचा आकडा जास्त असेल, तर मधला फरक धरणाबाहेरचा आहे.

तिसरा मुद्दा गणिताचा. गंगापूरचा उपयुक्त साठा सुमारे 5,630 दशलक्ष घनफूट (दलघफू), पाणलोट साधारण साडेतीनशे चौरस किलोमीटर. जमीन आधीच भिजलेली असताना तिथे 100 मिमी पाऊस पडला आणि त्यातला 80 टक्के वाहून आला, तर जवळजवळ 1,000 दलघफू पाणी येतं. धरण 90 टक्के भरलेलं असेल तर रिकामी जागा 563 दलघफू. उरलेलं सोडावंच लागतं. 10,000 क्युसेकने, म्हणजे सेकंदाला 10,000 घनफूट, अखंड चोवीस तास सोडलं तर 864 दलघफू जातं. गंगापूर मातीचं धरण आहे, त्याच्या माथ्यावरून पाणी जाऊ देणं परवडत नाही. त्यामुळे ‘अजून भरलंही नाही, मग सोडलं कशाला’ हा रागही चुकीचा. कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा हे आधी ठरलेलं असतं, आणि वेळेवर थोडं सोडलं नाही तर नंतर एकदम सोडावं लागतं.

‘मारुतीच्या छातीपर्यंत’

मारुती खूण म्हणून चांगला, पण तो रामकुंडाजवळची पातळी सांगतो, तुमच्या गल्लीची नाही. घाटावरच्या टपऱ्या आणि भांडी बाजाराची खालची दुकानं कितीतरी आधी पाण्यात असतात. शिवाय पात्रात नवं काँक्रीट, भराव, खांब आले की तेवढ्याच विसर्गाला पाणी वर चढतं.

‘पूररेषेबाहेर म्हणजे सुरक्षित’

पूररेषा म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणारी नकाशावरची रेषा. ढोबळमानाने निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांच्या. याचा अर्थ ‘शंभर वर्षांतून एकदाच’ असा नाही. दरवर्षी शंभरात एक शक्यता असते. तीस वर्षं एका घरात राहिलात तर लाल रेषेइतका पूर एकदा तरी दिसण्याची शक्यता 26 टक्के, निळीइतका दिसण्याची 70 टक्के. तीस वर्षं म्हणजे एका गृहकर्जाची मुदत. शिवाय या रेषा नदीच्या पाण्याच्या आहेत. सरस्वती नाल्यातून उसळणारं पाणी रेषा विचारत नाही.

मग स्वतःच्या घराचा अंदाज कसा घ्यायचा? गवंड्याची लेव्हल पाईप पुरते. दहा मीटर पारदर्शक नळीत पाणी भरा आणि आतला हवेचा बुडबुडा नीट काढा, नाहीतर माप फसतं. आपल्याच गल्लीत 2008, 2016 किंवा 2019 च्या पुराची भिंतीवरची खूण शोधा, जुने दुकानदार बोट ठेवून दाखवतात. नळीचं एक टोक त्या खुणेला, दुसरं आपल्या दारापाशी धरा आणि पातळी खडूने मारा. अंतर जास्त असेल तर टप्प्याटप्प्याने पुढे सरका. उंबरठा त्या रेषेखाली 40 सेंटिमीटर असेल तर तसाच पूर पुन्हा आल्यावर उंबऱ्यावर 40 सेंटिमीटर पाणी. पुलाच्या पलीकडची खूण घेऊ नका, वाहत्या पाण्याचा पृष्ठभाग उताराचा असतो.

यानंतरचं काम नळी करत नाही. दोन शेजारी, उंबरे एका पातळीत. एकाकडे पोटमाळा आणि धडधाकट माणसं, दुसऱ्याकडे तळमजल्याची एकच खोली, अंथरुणाला खिळलेली आजी आणि फ्रीजमध्ये इन्सुलिन. पाणी सारखंच, धोका सारखा नाही. आजीला उचलायला दोघं लागतात, म्हणजे ती दोघं कोण हे पाणी येण्याआधी ठरलेलं हवं.

चौथ्या मजल्यावरच्यांनीही पार्किंगमध्ये एक चक्कर मारावी. मीटरची पेटी त्या खडूच्या रेषेखाली आहे का? लिफ्टचा खड्डा, पंपाची मोटर? आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे भूमिगत टाकीचं झाकण. ते जमिनीसपाट असेल तर गटाराचं पाणी थेट पिण्याच्या पाण्यात जातं आणि पंप ते इमानदारीने गच्चीवर चढवतो. पाणी आवारात शिरताना दिसलं की आधी पंपाचा मेन स्विच बंद करायचा, तोही कोरड्यात उभं राहून. टाकी उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुतल्याशिवाय तो पुन्हा चालू करायचा नाही.